मंगळवारची अकराची वेळ

मित्रांनो, स्वतःला जुना म्हणवून घ्यावं असं काही माझं वय नाही. मी शाळेतला एक टॅब आहे, जेमतेम तीन वर्षांचा. पण लोखंडी कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी पडून राहिलं की तीन वर्षांतही म्हातारपण येतं.

हातमोजे घातलेल्या बायकांनी एका कारखान्यात मला जोडलं, तेव्हा माझ्यावर मुलं खेळ खेळतील असंच मला वाटलं होतं. पण मी आलो एका शाळेत, मुलांच्या मनाचं दुखणं ऐकायला. माझ्यासाठी खेळाच्या साहित्याची खोली रिकामी केली. भाषणं झाली, फोटो निघाले, मुख्याध्यापकांनी माझ्या काचेवरून कौतुकानं बोट फिरवलं. दूरच्या शहरातल्या समुपदेशक ताई दर मंगळवारी माझ्या पडद्यावर येणार, असं ठरलं. दारावर ‘संवाद कक्ष’ अशी पाटी लागली. मुलांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ‘वेड्यांची खोली’ करून टाकलं.

ग्रंथपाल बाई मला सुरू करून द्यायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि कुणी कान लावू नये म्हणून बाहेर स्टूल टाकून बसायच्या.

अकराच्या वेळेला नववीतली एक मुलगी यायची. वर्गात तिला ‘कुलूप’ म्हणत, कारण सहा महिन्यांत ती कुणाशी धड बोलली नव्हती. तिचा धाकटा भाऊ शिकवणीहून घरी येताना रस्त्यात गाडीखाली सापडून गेला होता. एवढं सगळ्यांना माहीत होतं.

पहिले दोन मंगळवार ती नुसती बसून राहिली. ताईंनी घाई केली नाही. मग ती तुटक बोलू लागली, कधी गणिताच्या तासाबद्दल, कधी झोप येत नाही त्याबद्दल. पाचव्या मंगळवारी ती टेबलाच्या कडेचा सुटलेला पापुद्रा नखानं सोलत होती. मान वर न करताच म्हणाली, “ताई, त्याला आणायला मी जाणार होते. मैत्रिणीशी बोलत थांबले. दहा मिनिटं. तो वाट बघून एकटाच निघाला.”

“हे घरी कुणाला सांगितलंयस?”

“नाही. आई पुन्हा माझ्याकडे बघणार नाही.”

ताईंनी विचारलं, “जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का गं?” तिनं मान हलवली, नाही. ताई म्हणाल्या, “तू हे सांगितलंस, ते सोपं नव्हतं. आईला कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. पुढच्या मंगळवारी मी आहेच.”

जाताना मुलीनं माझ्या काचेवर पडलेले तिच्या आसवांचे थेंब बाहीनं पुसले.

त्या आठवड्यात शाळेची ही सेवा दुसऱ्या संस्थेकडे गेली. ताईंना निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही आणि त्यांच्या नोंदी जुन्या संस्थेतच राहिल्या. मंगळवारी मुलगी अकराला पाच मिनिटं असतानाच येऊन बसली. पडद्यावर चेहरा उमटला तो दुसऱ्याच बाईंचा. त्या वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, तरी हसल्या आणि मायेनं म्हणाल्या, “आपण अगदी पहिल्यापासून सुरू करू हं. घरी कोण कोण असतं?”

मुलगी पडद्याकडे बघत राहिली.

“आई, बाबा आणि मी.”

बाईंनी ते लिहून घेतलं. आणखी काही सांगायचंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं. “नाही. आता बरं आहे,” ती म्हणाली. ती पुन्हा आली नाही. ग्रंथपाल बाई दोनदा तिच्या वर्गापर्यंत जाऊन आल्या. तिला यायचं नव्हतं. काही दिवसांनी नव्या बाईही बदलल्या, मग मंगळवारच बंद झाले.

वर्ष संपताना तिची आई दाखला न्यायला आली. मुलीला मावशीकडे ठेवणार होते. जागा बदलली तर बोलेल, अशी आशा होती. ग्रंथपाल बाई तेव्हा मला कपाटात ठेवत होत्या. आईनं त्यांना विचारलं, “ती इथं यायची म्हणे. काही बोलायची का हो? घरात शब्द नाही काढत. माझ्यावर रागावली असेल का?”

“मी बाहेर बसायचे,” बाई म्हणाल्या. “मला खरंच माहीत नाही.”

मित्रांनो, त्या क्षणी त्या खोलीत ते माहीत असणारा मी एकटाच होतो, आणि माझं बटण बंद होतं.

माझी काच पुसा, मला चार्ज करा, असं मी सांगणार नाही. शाळेतल्या मोठ्यांना एवढंच सांगायचंय, की एखाद्या मुलाचं बोलणं अर्ध्यावर असेल तर ऐकणारं माणूस बदलू नका. आणि तुमच्यापैकी कुणी एकदा सांगून बसलं असेल आणि ऐकणारं निघून गेलं असेल, तर कृपा करून आणखी एकदा सांगा. आईला सांगा. ती तुमच्याकडे बघणार नाही असं वाटत असलं, तरी सांगा. मी त्या आईचा चेहरा पाहिलाय.