मामांचा डावा हात

आमच्या वाचनालयात दिवा लावणे हे एक शास्त्र होते, आणि ते फक्त मामांना येत असे.

मामा म्हणजे आमचे शिपाई. ते नेमके कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नाही, पण चिटणीसांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्या काउंटरमागे भिंतभर एक लाकडी बोर्ड होता आणि त्यावर बटणांच्या रांगाच रांगा. शेवटच्या टेबलावरचा दिवा हवा असला, तर आधी काउंटरवरचा पंखा बंद करायचा, मग मासिकांच्या खोलीतली ट्यूब लावायची, ती फडफडून स्थिर झाली की खालच्या रांगेतले कोपऱ्यातले बटण दाबायचे. क्रम चुकला की फ्यूज उडायचा आणि काळोखातून सगळे वाचक एका सुरात ओरडायचे, "मामाऽऽ!"

हे काही एका दिवसात झालेले नव्हते. फार पूर्वी कुणा चिटणीसांना वाटले की वाचक दिवे उगाच जळत ठेवतात, म्हणून त्यांनी हॉलमधली सगळी बटणे उचलून काउंटरमागे नेली. पुढच्यांनी पंखे वाढवले. त्यांच्या पुढच्यांनी मासिकांची खोली काढली. प्रत्येकाने आपापल्या परीने भर घातली, काढले मात्र कुणीच काही नाही. कपाटे वाढत वाढत खिडक्याही बुजल्या, त्यामुळे भरदिवसासुद्धा आम्हाला दिवा लागायचा आणि दिव्यासाठी मामा लागायचे. आत शिरायचे, अंधारात चाचपडत काउंटर गाठायचा आणि म्हणायचे, "मामा, लाईट." मला ह्यात काही वावगे आहे असे कधी वाटले नाही. माझे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. दुसऱ्यांच्या चुका शोधायची सवय लागली की स्वतः काही करायचा धीर उरत नाही, निदान माझा तरी उरला नाही. कुणीतरी दिवा लावून देतो आहे, ह्यात मी सुखी होतो.

आमची धाकटी मुलगी वायरमन आहे. बरीच वर्षे ती एका कंत्राटदाराकडे होती. त्याची कामाची रीत अशी, की जुने बिघडले तर ते तसेच ठेवायचे आणि शेजारून नवे ओढायचे. धाकटीला ते बघवेना. एके दिवशी ती तिथून बाहेर पडली, आणि त्यानंतर काही दिवसांनी जेवताना सहज म्हणाली, "बाबा, तुमच्या वाचनालयाचं काम मी घेतलंय."

माझा घास तिथेच राहिला. "कुणी दिलं?"

"मागितलं. चिटणीसांना जाऊन भेटले. आधी खालचा हॉल करायचा. तो त्यांच्या पसंतीला उतरला तर वरचा मजलाही माझाच."

"आणि नाही उतरला तर?" बायकोने विचारले. माझ्या तोंडचा प्रश्न ती नेहमीच माझ्याआधी विचारते.

"तर परत कंत्राटदाराकडे शिडी धरायला. पहिलंच स्वतःचं काम फसलं म्हटल्यावर दुसरं कोण देणार मला?" धाकटी पाणी प्यायली. "आणि बाबा, एक लक्षात ठेवा. तिथे तुम्ही मला ओळखत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही वाचक, मी वायरमन. नाहीतर उद्या म्हणतील वशिल्याने आली."

"अगं, ह्यांचा कसला वशिला!" बायको म्हणाली. "ह्यांना हवं ते पुस्तक शेजारचा माणूस उचलून नेतो आणि हे त्याला वर पिशवी देतात."

तर मी ओळखत नव्हतो. ते मला वाटले होते त्याहून फार अवघड गेले.

कारण धाकटी कामच सुरू करीना. रोज संध्याकाळी यायची, दाराजवळ एक स्टूल घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहायची. पक्कड पिशवीत, टेस्टर खिशात, हात मांडीवर. माझ्या टेबलावर एक निवृत्त ओव्हरसियर बसतात. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "ही पोरगी वायरमन आहे की पाहुणी?"

"काय की," मी म्हणालो.

"चहा तेवढा द्यायचा राहिलाय तिला."

मी वर्तमानपत्रात तोंड घातले. तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला आणि तो कशाबद्दल होता हे मला आजतागायत सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी तिला विचारलेच. "अगं, बघतेस तरी काय?"

"हात."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे. माणूस अंधारात शिरला की त्याचा हात आपोआप कुठेतरी जातो, बाबा. बटण तिथे हवं. बाकीच्या वायरी मागून ठरतात."

"मग? कुठे जातात?"

"तुमच्या लोकांचे कुठेच जात नाहीत! खिशातून बाहेरच निघत नाहीत. सरळ काउंटर गाठायचा आणि मामांच्या नावाने बोंब मारायची." ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "एकाचाच हात जातो."

"कुणाचा?"

"सांगणार नाही. तुमच्या तोंडावर लगेच दिसतं."

हे खरे आहे, त्यामुळे मी पुढे काही विचारले नाही.

मामा मात्र धुसफुसत होते. बोर्डावरून रोज फडके फिरवायचे आणि धाकटीकडे पाठ करून उभे राहायचे. एकदा मी पुस्तक बदलायला उभा असताना त्यांचे बोलणे कानावर पडले.

"ह्या बोर्डाला डोकं लागतं, पोरी."

"लागतं ना, मामा. म्हणूनच काढायचाय तो."

"आणि मग मी काय करू? माश्या मारू?"

"पुस्तकं द्या की! काल त्या बाईंना तुम्ही पुस्तक सुचवत होतात, आठवतंय? निम्मं सांगून झालं आणि मागून कुणीतरी लाईट मागितला. ती बाई तशीच निघून गेली."

मामांनी नुसते फडके झटकले. माझे पुस्तक त्यांनी माझ्यापुढे जरा जोरातच ठेवले, जणू बोर्ड मीच काढायला सांगितला होता.

पुढे हॉल काही दिवस बंद राहिला. दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी होती. मी रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवरून एक फेरी मारायचो, आत मात्र गेलो नाही. दाराबाहेर काढलेल्या वायरींचा ढीग वाढत चालला होता. काळ्या, पांढऱ्या, कापडी वेष्टणाच्या, तडकलेल्या, आणि काही तर अशा की ज्यांचे टोक कशालाच जोडलेले नव्हते. आत जाणारे नवे वायरचे भेंडोळे मी पाहिले होते. ते काखेत मावेल एवढेच होते. त्या ढिगाकडे बघत मी फुटपाथवर उभा असायचो आणि माझा ऊर असा काही भरून यायचा की इकडेतिकडे बघून घ्यावे लागे, कुणी पाहत तर नाही ना म्हणून.

हॉल उघडायच्या संध्याकाळी चिटणीसांनी सगळ्यांना दाराबाहेर थांबवले. आत मुद्दाम अंधार ठेवलेला होता. चिटणीस तसे भले गृहस्थ, पण जे काही करायचे त्याचा समारंभ करायची त्यांना हौस.

"बाईंचं म्हणणं असं," ते म्हणाले, "की आता इथे कुणालाही कुणाला न विचारता दिवा लावता येईल. कुणालाही! तर बघू या. जमलं तर वरचा मजला त्यांचा. नाही जमलं तर आपले जुने कंत्राटदार आहेतच."

धाकटी दारापाशी हात मागे बांधून उभी होती. चेहरा शांत होता. पण लहानपणी परीक्षेच्या दिवशी व्हायचे तसे तिचे नाक लाल झाले होते. हे तिथे फक्त मला कळत होते.

"सगळ्यात जुने वाचक कोण?" चिटणीसांनी मान उंचावली आणि माझ्यावर त्यांची नजर स्थिरावली. "या, तुम्हीच या!"

मला पळून जावेसे वाटले. ओव्हरसियरांनी मागून ढकलले. मी उंबरठा ओलांडला. मनात एकच होते, हिच्या कामाला माझ्यामुळे बट्टा लागता कामा नये, नीट जा, सावकाश जा. आणि मी नीट, सावकाश, अंधारातून सरळ चालत काउंटरपर्यंत गेलो, त्यावर दोन्ही हात टेकले आणि म्हणालो, "मामा, लाईट."

बाहेर असा हशा उसळला की काय सांगू.

"झालं!" चिटणीस म्हणाले. "घ्या! बाई, हे बघितलंत?"

मी अंधारात तसाच उभा राहिलो. जमीन दुभंगली असती तर मी आभार मानले असते. जिच्यासाठी इतके दिवस गप्प बसलो होतो, तिचे काम बुडवायला मी तोंड उघडले होते.

"बघितलं," धाकटीचा आवाज आला. अगदी तेवढाच. मग ती म्हणाली, "आता मामांना जाऊ द्या."

"मी कशाला?" मामा चिडले. "मला ते नवीन काही माहीत नाही. मला काउंटरवर जायचंय, मी आपला सरळ काउंटरवर जाणार."

"तसेच जा की. रोज जाता तसे."

मामा तणतणत आत शिरले. त्यांची आकृती मला दारात दिसली. शिरता शिरता त्यांचा डावा हात सूचनाफलकाच्या खाली भिंतीवर पडला, आणि हॉल उजळला.

सगळा. शेवटच्या टेबलासकट. काही फडफडले नाही, काही उडाले नाही. प्रत्येक टेबलाला त्याचा दिवा, शिवाय त्याचे वेगळे बटण. खिडकीपुढचे एक कपाटही हलवलेले दिसले. काउंटरमागे, जिथे तो बोर्ड होता, तिथे आता नुसती पांढरी भिंत होती.

मामा जिथल्या तिथे थबकले. हात अजून भिंतीवरच होता.

"मी काही केलं नाही," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही रोज वाचनालय उघडलंत की आधी इथे भिंतीला हात लावता," धाकटी म्हणाली.

"आधाराला लावतो."

"मला वाटलंच तुम्ही असं म्हणाल. मी तिथलं प्लास्टर फोडलं. आत जुनी लोखंडी पेटी निघाली, बटणाची. मी फक्त बटण परत बसवलंय."

मामा आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग हळूच म्हणाले, "पितळेचं होतं. खटका असा वाजायचा की बाहेरपर्यंत कळायचं, वाचनालय उघडलं. मी नवा लागलो तेव्हा होतं इथे. अरे, मी साफ विसरलो होतो!"

"ते ठीक आहे," चिटणीस म्हणाले. त्यांना समारंभ इतक्यात संपवायचा नव्हता. दिवा मालवून त्यांनी आम्हाला पुन्हा बाहेर काढले. "पण मामा आपल्यातलेच. 'कुणालाही' म्हणजे तिऱ्हाइताला जमलं पाहिजे. माझी आक्का येणार आहे. तिने ह्या जागेत कधी पाऊल ठेवलेलं नाही, आणि तिला कुठलीच नवी गोष्ट पसंत पडत नाही."

आक्का उशिरा आल्या. थोरली बहीण असावी तशाच होत्या. चिटणीसांचा सदरा नीट खोचलेला नाही हे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. ते काही समजावून सांगू लागले तर म्हणाल्या, "तू आधी बाजूला हो, पाय दुखताहेत माझे." आणि आत गेल्या. दिवा लागला. त्यांनी पहिली खुर्ची ओढली, पिशवीतून चष्मा काढला, समोरचे मासिक उघडले आणि वाचू लागल्या. थोड्या वेळाने मान वर करून पाहिले तर आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे.

"काय झालंय?" त्या म्हणाल्या. "कार्यक्रम कधी सुरू होणार?"

"आक्का, दिवा कसा लावलास?"

"दिवा?" आक्कांनी छताकडे पाहिले. "मी लावला? असेल. त्यात काय विचारायचंय?"

चिटणीसांनी दोन्ही हात वर केले. "बाई, वरचा मजला तुमचा." मग माझ्याकडे वळून, पुष्कळ हसत, ते म्हणाले, "तुम्ही मात्र कमालच केलीत! त्या पोरीचं काम बुडवलंच होतंत."

"माझीच आहे ती," मी म्हणालो.

मला हळू बोलायचे होते. पण इतके दिवस दाबून ठेवलेला आवाज, तो मोठाच निघाला. हॉलभर घुमला. त्या जागेत उजेड असताना एवढ्या मोठ्याने मी काय, कुणीच कधी बोलले नसेल.

धाकटीने कपाळाला हात लावला.

"शांतता राखा," काउंटरमागून मामा म्हणाले. त्यांनी नव्या रिकाम्या भिंतीला पाठ टेकली होती. "आणि हे आम्हाला ठाऊक आहे. ती स्टुलावर बसायची तेव्हा पायावर पाय असा टाकायची, आणि पलीकडे तुमचा पाय तस्साच."

ओव्हरसियर म्हणाले, "अहो, मग मी तिला पाहुणी म्हणालो तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी तिला ओळखत नव्हतो," मी म्हणालो, आणि पहिल्यांदा धाकटी मोकळेपणाने हसली.

आता वरचा मजलाही झाला आहे. येणारे येतात, हात भिंतीवर जातो, दिवा लागतो, आणि हे कुणी केले असेल असा विचारही कुणाच्या मनाला शिवत नाही. मामा काउंटरवर पुस्तके सुचवतात आणि कुणी मध्येच उठला तर त्याला परत बसवतात.

मी मात्र अजून संध्याकाळी पहिला पोचलो की अंधारातून सरळ काउंटरपर्यंत जातो. तिथे मामा दिवा मालवून बसलेलेच असतात. माझ्यासाठी ते दिवा लावत नाहीत.

"मागे फिरा," ते म्हणतात.

मी मागे फिरतो आणि बटण दाबतो. सुरुवातीला मी खरेच चुकत होतो. हल्ली नाही चुकत.