चहातली भाकर

पुष्पांजलीनं कालची ज्वारीची भाकर पदराआड धरून मागच्या दारी आणली आणि गोठ्याच्या ओट्यावर बसून ती चहात मोडली. घराकडे पाठ करून ती भराभर खाऊ लागली.

लग्न होऊन वडनेरला आली त्याच आठवड्यात तिनं एकदा सगळ्यांसमोर अशी भाकर मोडली होती. तेव्हा नणंद समीक्षा खो खो हसली होती. "वैनी, ढोराले सरकीची ढेप भिजवते तसं दिसून राह्यलं हे!" सासू विमलबाईंनी फक्त बिस्किटांचा पुडा पुढं सरकवला होता. हसण्यापेक्षा ते सरकवणंच पुष्पांजलीला जास्त लागलं होतं.

"वैनी! कुठं हायेस? हे पाह्य!"

समीक्षा मोबाइल घेऊन धावत आली. कप लपवायला वेळच मिळाला नाही. पडद्यावर एक नामांकित नटी मुलाखत देत होती. समीक्षा जिच्यासारखी बट कपाळावर सोडायची, तीच. सकाळी काय खाता, असं तिला कुणी विचारलं.

"चहात ज्वारीची भाकरी मोडून," नटी म्हणाली. "त्याशिवाय माझी सकाळच होत नाही."

समीक्षाची नजर आता कपावर गेली. "तू बी हेच खाते नं वं! मले बी दे एक घास."

पुष्पांजलीनं घास दिला, पण डोळे पडद्यावरच होते. एवढी मोठी बाई, आणि तिची सकाळ आपल्यासारखीच! दुपारी भांडी आवरल्यावर तिनं समीक्षाकडून ती मुलाखत पुन्हा लावून घेतली. मग आणखी एकदा. हळूहळू तिला भाकरीपेक्षा त्या बाईचं सांगणंच भारी वाटू लागलं. ना खाली मान, ना ओशाळं हसू. विचारलं, सांगितलं.

रविवारी खामगावहून विमलबाईंचे भाऊ उत्तमराव आले. ओसरीवर चहा आला, बिस्किटं आली.

"सूनबाई, तूही घे नं," उत्तमराव म्हणाले.

"मले चहात भाकर लागते, मामा."

ती आत गेली आणि भाकर घेऊन सगळ्यांत येऊन बसली. विमलबाईंचा हात बशीवरच थबकला. समीक्षानं घाईघाईनं सावरून घेतलं, "मामा, ते हिरोईन बी हेच खाते, मोबाइलवर आलं!"

"खात असन," पुष्पांजली म्हणाली. "मी लहानपणापासून खाते."

तिनं तुकडा मोडून चहात टाकला.

खांबाला टेकून बसलेले सासरे भाजीत मीठ नसलं तरी कधी सांगत नसत. त्यांनी हात लांबवून आपला कप तिच्यापुढं धरला.

"याच्यातबी मोड थोडी."

विमलबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. "तुमाले आवडते? इतक्या वर्षांत कधी बोलले नाही!"

"माय होती तवा रोज खात होतो," सासरे म्हणाले. "मंग घरात बिस्किटं आले."

विमलबाई उठून आत गेल्या. भाकरीच्या डब्याचं झाकण वाजलं.

"पुष्पा, एकच उरली वं," आतून आवाज आला. "संध्याकाळी जास्तीच्या थापू."