उभा दिवस, आडवा दिवस

आंघोळ झाली की जपाची माळ पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही. हा नेम लग्नाआधीपासूनचा. बोलायचं नाही म्हणजे खुणाही करायच्या नाहीत. सुरुवातीला मी खुणा करायचे. एकदा दूधवाल्यानं माप कमी घातलं, तेव्हा हातवारे करून मी त्याच्याशी अख्खं भांडण केलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "थोरले, याला मौन म्हणायचं की नाटक?" तेव्हापासून त्या वेळात माझे हातही माळेतच असतात.

घरात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. फोन वाजला तर मी घेत नाही, दार वाजलं तर उठत नाही. घरात असून नसल्यासारखी, असं सासूबाई म्हणतात. माझ्या जावेला नेमकं असंच माणूस हवं होतं.

जावेला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात जुजबंदी करते, म्हणजे छापील कागदांच्या घड्या एकीवर एक रचून त्यांच्या पाठीतून सुई-दोऱ्यानं शिवत जाते. हात असा की तिनं शिवलेलं पुस्तक कुठंही उघडा, तळहातासारखं सपाट पडतं. लग्न होऊन आली तेव्हापासून पाळीच्या दिवसांत मात्र ती पांढरीफटक पडायची. 'बायकांचं असतंच' म्हणण्यात बरीच वर्षं गेली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं, एन्डोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच काहीतरी बाहेर भलत्या जागी वाढतं. ऑपरेशन करून जमेल तेवढं काढलं. आम्ही देवापुढे हात जोडले, म्हटलं, सुटली पोर.

जखमा भरल्या, दुखणं उरलं. पहिल्यासारखं नाही, वेगळंच. ओटीपोटात खोलवर, आणि जरा वेळ बसलं की मांडीत उतरणारं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं सोसताना आतले स्नायू मूठ वळावी तसे आवळून बसलेत. आता धोका गेला हे त्यांना अजून कळलेलं नाही. हळूहळू शिकवावं लागेल. काही दिवस बरे जातील, काही नाही." त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. पाठीवर पडून पिंढऱ्या खुर्चीवर टेकवायच्या, पोट सैल सोडायचं आणि श्वास लांबवर सोडत जायचा.

हे सासूबाईंना सांगून झालं होतं. पण त्यांच्या लेखी ऑपरेशन म्हणजे शेवटचं पान. त्यापुढे पुस्तकात काही नसतं.

"बरं आहे ना गं?" सकाळी एकदा, चहाला एकदा, ताट वाढताना एकदा. भावजी कामावरून फोन करून विचारायचे. शेजारीण जिन्यात गाठून विचारायची. सगळी मायेनंच विचारत होती, पण प्रत्येकाच्या तोंडावर 'हो म्हण बाई एकदाची' असं असायचं. धाकटी हो म्हणायची.

मग एका सकाळी माझी माळ चालू असताना ती उशी आणि चटई घेऊन आली. माझ्यापासून हातभर अंतरावर पडली, पाय खुर्चीवर टाकले आणि छताकडे बघत म्हणाली, "ताई, अख्ख्या घरात तुम्हीच तेवढ्या मला काही विचारू शकत नाही."

मी मणी ओढला. तिनं श्वास सोडला. थोड्या वेळानं माझ्या मण्यांची आणि तिच्या श्वासांची चाल एक झाली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि मग येतच राहिली.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या मालकांचा निरोप आला. एका वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांचं मोठं काम हाती आलं होतं. ऑपरेशनपासून रजेवर असलेली धाकटी आता पूर्ण दिवस येणार असेल तर जागा तिचीच, नसेल तर दुसरी बाई बघावी लागेल. उत्तर घ्यायला ते स्वतः येणार होते.

त्या सकाळी धाकटी नेहमीसारखी येऊन पडली, पण तिचा श्वास काही माळेला जुळेना.

"सांगू का हो त्यांना, बरी आहे म्हणून?" ती म्हणाली. "नाही म्हटलं तर जागा गेली. हो म्हटलं तर कारखान्यातल्या त्या स्टुलावर दिवसभर बसायचं. परवा भाजी निवडायला बसले तर उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकले." मग तिनं विचारलं, "ताई, हे जाईल ना कधीतरी?"

माझं तोंड मोकळं असतं तर मी काय बोलले असते ते मला पक्कं ठाऊक आहे. 'जाईल गं, होईल सगळं नीट.' आणि तिलाही ते ठाऊक होतं, तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्या दोघींच्या मधे तो प्रश्न तसाच पडून राहिला. आणि मग तीच सावकाश म्हणाली, "कुणाला माहीत, नाही का? आहे हे असं आहे."

पुढचा श्वास तिनं लांब सोडला.

तेवढ्यात दार वाजलं. सासूबाईंनी उघडलं. मधलं दार उघडंच होतं, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"या, या. बसा. अहो, ठणठणीत झालीये आमची धाकटी! सगळं काढून टाकलंय डॉक्टरांनी. सोमवारपासून पाठवते."

"देव पावला," मालक म्हणाले. "नवीन मुलगी ठेवून बघितली, पण तिची शिलाई म्हणजे सैल पायजमा."

जिभेच्या टोकावर आलेलं मी तिथंच धरलं. उठून जावं, नेम गेला तर जाऊ दे, असं क्षणभर वाटलंही. पण बोलायचं माझं नव्हतं. मी धाकटीकडे पाहिलं. शिकवल्याप्रमाणे ती आधी कुशीवर वळली, मग हाताचा रेटा देऊन उठली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली.

"आई, मी ठणठणीत नाहीये."

कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, काल तर म्हणालीस बरं आहे म्हणून!"

"रोजच म्हणते. तुम्ही रोज विचारता ना."

"मग काय माणसानं विचारूच नये?"

"विचारा की. पण दुखतंय असं उत्तर आलं तर घाबरू नका."



मालक खाकरले. "म्हणजे यायचं जमणार नाही, असं धरू?"

"येणार आहे," धाकटी म्हणाली. "पण स्टुलावर बसून होणार नाही. शिलाईची चौकट कटिंगच्या उंच टेबलावर चढवा, मी उभ्यानं शिवीन. अर्धा दिवस. मधे एकदा कागदाच्या गठ्ठ्यांमागे चटई टाकून पडेन. आणि काही दिवस येताच येणार नाही, ते मला आदल्या रात्रीसुद्धा सांगता येणार नाही, सकाळीच कळतं."

"उभ्यानं?" मालक हसलेच. "आमच्या वडिलांच्या काळापासून त्या स्टुलावर बसूनच शिवतात सगळे."

"मग वडिलांनाच न्या शिवायला," सासूबाई फणकारल्या.

सासूबाईंचं असं आहे. घरातल्या माणसाला त्या स्वतः हवं ते बोलतील, बाहेरच्यानं हसलेलं त्यांना खपत नाही. माझ्या ओठांना हसू फुटलं. हसणं मौनात बसतं की नाही, ते देवाला ठाऊक.

"अहो आजी, वडील वारून किती वर्षं झाली," मालक नरमले. "तसं नाही म्हटलं मी. काम निम्म्यावर येईल, एवढंच."

"येईल," धाकटी म्हणाली. "पण सैल होणार नाही."

मालकांच्या चमच्याची किणकिण ऐकू आली. मग मालक म्हणाले, "नव्या मुलीला अर्ध्या दिवसावर घेतो, आणि तिला जरा शिकव. महिनाभर बघू. त्यापुढचं आत्ता विचारू नकोस."

"मलाही त्यापुढचं माहीत नाही," ती म्हणाली.

माझी माळ पूर्ण झाली तेव्हा मालक गेलेले होते. मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाचा, असा माझा शिरस्ता आहे. त्याचं नाव घेतलं आणि बाहेर आले. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. सासूबाई तिच्याकडे न बघता कप विसळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उभी का आहेस? आणि बसवतही नाही म्हणतेस. मग पड की जाऊन! चहा तिथं आणून देते."

तो महिना संपला, त्यावर आणखी काही गेले. मालकांनी पुन्हा विषय काढलेला नाही, आणि चौकट कटिंगच्या टेबलावरच आहे. दुखणं गेलेलं नाही. कधी चार-चार दिवस विसरल्यासारखं होतं, कधी पायरी चढताना आठवण देतं.

सासूबाईंचं विचारणंही गेलेलं नाही, प्रश्न तेवढा बदललाय. आज सकाळी धाकटी माझ्याशेजारी पडली होती, तेव्हा त्या दारात आल्या. माझ्या मौनाचा मान राखत, कुजबुजत म्हणाल्या, "काय गं, उभा की आडवा?"

धाकटीनं डोळे न उघडता तळहात चटईवर सपाट ठेवला.

सासूबाई आत गेल्या आणि गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. ती तिच्या पोटावर ठेवली, कोपरे नीट केले, आणि बाहेर जाऊन कारखान्यात फोन लावला.

"हां, मी बोलतेय. आमच्या धाकटीचा आज आडवा दिवस आहे. नाही, नाही, काळजीचं काही नाही. आडवा आहे, एवढंच. उद्याचं उद्या."

आज कोणता वार आहे ते सांगावं, तितक्याच सहज सांगितलं त्यांनी. धाकटीनं श्वास सोडला, मी मणी ओढला.