हिरवीचं लहान चक्र

सेंत-एतियेनच्या चढावरच्या एका गल्लीत सिल्वेनचं बिऱ्हाड होतं, आणि त्या बिऱ्हाडाच्या खिडक्या माणसाच्या गरजेपेक्षा दुप्पट उंच होत्या. पूर्वी तिथे फिती विणायचे माग चालत. मागांना उंची लागे, उजेड लागे. माग गेले, उजेड तेवढा मागे राहिला. मार्चातल्या त्या सकाळी उजेडात एक जुनी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर सिल्वेनच्या बापाची सायकल सुटी होऊन पडली होती. इकडे मडगार्ड, तिकडे दिवा, सुपाच्या वाडग्यात छर्रे. सिल्वेन मधोमध मांडी घालून बसली होती आणि गेल्या अर्ध्या तासात तिनं काडीचंही काम केलं नव्हतं. छर्‍यांवर ऊन पडून छतावर कवडसे हलत होते, ते बघत होती.

सायकलीचं नाव हिरवी. अठ्ठावन्न साली एका कारागिरानं इरेनेच्या पायांचं, हातांचं, पाठीचं माप घेऊन ती बनवली होती, शिंपी कोटाचं घेतो तसं. इरेने म्हणजे सिल्वेनचा बाप. आठवडाभर फितींच्या कारखान्यात आणि रविवारी क्लबाच्या मंडळींबरोबर डोंगरात, असं त्याचं आयुष्य. हिरवीला पुढे दोन दातेरी चक्रं होती, सपाटीला मोठं आणि चढाला लहान. लहान चक्राला क्लबात ‘आजीचं चक्र’ म्हणत. आपण ते जन्मात वापरलं नाही, नुसतं शोभेला ठेवलंय, असं इरेने सांगे, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगे.

आता तो शहाऐंशीचा होता. शरद ऋतूत स्वयंपाकघरात पडला, डॉक्टरांनी सायकल बंद केली, आणि त्यानं हिरवी लेकीच्या दारात आणून टेकवली. ‘नीट कर नाहीतर मोडीत दे,’ एवढंच म्हणाला. सिल्वेन त्याच सुमाराला पोस्टातून निवृत्त झाली होती. पाना कुठल्या बाजूनं धरायचा हेही तिला नीट ठाऊक नव्हतं. तरी ती हो म्हणाली, आणि का म्हणाली हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी, ती बापाबरोबर वेर्नेची खिंड चढायला गेली होती. शेवटच्या वळणाआधी तिचा दम संपला. ती उतरली आणि सायकल ढकलत वर पोचली. वर सगळा क्लब सॉसेज खात बसला होता. तिला बघून इरेने म्हणाला, “पुढच्या खेपेला हिला पार्सलनं पाठवू, वेळेवर तरी पोचेल.” मंडळी पोट धरधरून हसली. सिल्वेन खाली आली, सायकल तळघरात टांगली आणि पुन्हा कधी कुठल्याच सायकलवर बसली नाही. पुढे नोकरी लागली ती नेमकी पोस्टात. नशीबही कधीकधी त्या क्लबाचं सभासद असल्यासारखं वागतं.

ते वाक्य चुकलं होतं, एवढंच तिला बापाच्या तोंडून ऐकायचं होतं. लग्न झालं, मोडलं, आई गेली त्यालाही अकरा वर्षं झाली, आणि हे एवढंसं ऐकायचं राहूनच गेलं होतं. हिरवी लखलखीत करून त्याच्यासमोर उभी केली तर तो बोलेल, असं तिला वाटत होतं. न बोलला तर तो कधीच बोलणार नव्हता, कारण त्याच्याकडे आता फार रविवार उरले नव्हते.

इरेने रोज फोन करायचा आणि आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. चाकाच्या तारा अशा ताण, रंगाला हात लावू नकोस, कातडी सीटला मेण दे, तेल नको. ती हूं हूं करायची आणि आपल्याला हवं तेच करायची. कामात एक गोड गुंगी होती. कापडानं एक नळी पुसायला घेतली की तासभर तीच, आणि मनात कुठलेकुठले रस्ते यायचे, पोप्लरच्या झाडांच्या रांगा, धुक्यातून वर निघालेले चर्चचे मनोरे, आईच्या टोपलीवरचा चौकड्यांचा रुमाल. आई, क्लोतिल्द, क्लबाच्या सहलींना टोपली घेऊन बसनं यायची. सायकली म्हणजे पुरुषांचं खूळ, असं म्हणून झाडाखाली विणत बसायची.

सीटची दांडी सिल्वेननं दोन दिवस घासली. दांडीवर ओरखड्यांची दोन कडी होती. एक खोल, आणि दुसरं त्याच्या दोन बोटं वर, जरा फिकं. तिला ती मळासारखी दिसली. तिनं बारीक पॉलिश पेपर घेतला, मग पॉलिश लावलं, आणि दांडी अशी चकाकली की तिच्यात खिडकी दिसू लागली. त्या दिवशी ती स्वतःवर बेहद्द खूश होती.

पायडलाचा आस काही केल्या सुटेना, म्हणून ती क्लबातल्या फेरेओलकडे गेली. हा सत्तरीचा गडी गॅरेजमध्ये सायकली दुरुस्त करी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करी. पाना हातात घेताच तो म्हणाला की जुन्या सायकलींत आस धरून ठेवणारी उजवी वाटी उलटी फिरते की सुलटी, हे सायकल कुठल्या खोऱ्यात बनली त्यावर असतं, आणि सिल्वेन गेले चार दिवस ती सोडवत नसून आवळत होती. आस निघाला, चक्रं हातात आली, आणि फेरेओलची टिंगल एकदम थांबली. त्यानं लहान चक्र उजेडात धरलं.

दाते झिजून करवतीसारखे एका बाजूला कलले होते. मोठं चक्रही झिजलेलं होतं, पण हे तर पार खलास होतं.

“शोभेच्या वस्तूला असे दाते येत नाहीत, सिल्वेन,” फेरेओल हळूच म्हणाला. “हे चक्र किती हजार किलोमीटर चढलंय, देव जाणे.”

सिल्वेन आधी हसली. मग तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे हा बाबा आयुष्यभर आजीचं चक्र लावून डोंगर चढत होता आणि खाली येऊन मिशांना पीळ देत होता, आणि पंधरा वर्षांच्या पोरीला पार्सल म्हणत होता. फेरेओलनं विचारलं, क्लबात सांगू का. मे महिन्यात सगळे जुन्या सायकली मांडून बसतात, तेव्हा मजा येईल. ती म्हणाली, आधी मला बापाशी बोलू दे.

रविवारी ती बापाकडे जेवायला गेली. त्यानं बटाट्याच्या किसाची धिरडी केली होती, कडेला करपलेली, नेहमीसारखी. तिनं कोट काढला, पर्समधून लहान चक्र काढलं आणि त्याच्या बशीशेजारी ठेवलं.

“शोभेचं चक्र,” ती म्हणाली.

इरेनेनं चष्मा लावला. चक्र उचललं, अंगठा एकेका दात्यावरून फिरवला. सिल्वेन त्याचा चेहरा पडायची वाट बघत होती. चेहरा पडला नाही. उलट कुणीतरी जुनं ओळखीचं दारात यावं तसा तो उजळला.

“हे माझं नाही गं,” तो म्हणाला. “हे तुझ्या आईचं.”

सिल्वेनला वाटलं, म्हातारा आता भलतंच बोलायला लागला. पण तो काटा खाली ठेवून सावकाश सांगू लागला, आणि सांगताना एकदाही अडखळला नाही. तू सायकल सोडलीस त्याच्या पुढच्या वसंतात, तो म्हणाला. रविवारी हिरवीवर बसलो तर सीट केसभर खाली. पुढच्या रविवारीही तेच. तुझी आई ती मोजून परत वर करायची, पण केसभर कमीच पडायची. मग हँडलच्या पिशवीच्या कोपऱ्यात पिठीसाखर सापडली. कार्निव्हलच्या सणाला तळतात त्या साखर पेरलेल्या पट्ट्या ती बरोबर न्यायची असणार. मी कामावर गेलो की माझीच जुनी पँट घालून निघायची. बहुतेक मंगळवारी.

“आणि मडगार्डात पानं अडकलेली असायची,” तो म्हणाला. “सुईसारखी, निळसर. ती झाडं वेर्नेच्या माथ्यावरच आहेत, खाली कुठेच नाहीत.”

झाडाखाली विणत बसलेली आई तिच्या डोळ्यांसमोरून उठली, पँटच्या टोकांना चिमटे लावले आणि धुक्यात चढू लागली. दांडीवरचं ते फिकं कडं. सीट खाली घेतली की दांडी आत सरकते, कडं वर उमटतं; ते आईचं होतं, आईच्या उंचीचं, आणि आपण ते दोन दिवस खपून पुसून टाकलं. तिनं हे बापाला सांगितलं. बाप म्हणाला, असू दे, हे चक्र तर आहे ना.

“किती वर्षं?” तिनं विचारलं.

“तिचे गुडघे गेले तोवर. एकोणीस.”

“आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस तिला?”

“नाही. मागचं एक चक्र मोठं बसवलं फक्त, तिला चढ हलका जावा म्हणून. क्लबात सांगितलं, दुकानदारानं चुकून दिलं. वर्षभर टोमणे खाल्ले.” तो हसला, मग हसू ओसरलं. “बोललो असतो तर ती थांबली असती. तुला एकदा बोलून बघितलं होतं.”

खिडकीबाहेर टेकड्यांवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. धिरडी गार झाली होती.

“ते चुकलं होतं,” इरेने म्हणाला. तो चक्राकडे बघत होता. “खिंड उतरतानाच कळलं मला. तू मागे वळून बघत नव्हतीस.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“भ्यायलो. वाटलं, आणखी काही बोललो तर तू घरातूनच जाशील. मग तुझी आई मंगळवारी गुपचूप जायला लागली, मी गप्प राहिलो, ती जात राहिली. मला वाटलं, हेच बरोबर. गप्प राहिलं की बायका आपापल्या परत बसतात सायकलवर.”

“मी वाट बघत होते, पपा. त्रेचाळीस वर्षं.”

“हो,” तो म्हणाला. “आता कळतंय ते.”

तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्याच्या मानेवरची सैल झालेली कातडीही दिसली. ज्या गप्प राहण्यानं एकीला डोंगर दिला, त्याच गप्प राहण्यानं दुसरीला एवढी वर्षं तळघरात टांगून ठेवलं. त्याला तो फरक उमगला नाही, आणि तिनंही कधी तोंड उघडून विचारलं नाही. या घराण्यात बोलायचं ते सायकलीबद्दल, आणि सायकलीबद्दलही खोटंच. ती रडली, त्यानं तिला टेबलावरचा नॅपकिन दिला, मग दोघांनी गार धिरडी चीजबरोबर खाल्ली, कारण टाकून देणं दोघांनाही कधी जमलं नव्हतं.

नव्या चेनचं झिजलेल्या दात्यांशी जमत नाही, म्हणून फेरेओलनं हिरवीला नवं लहान चक्र बसवलं. क्लबात काही बोलू नकोस, असं सिल्वेननं त्याला बजावलं. त्यानं खांदे उडवले आणि म्हणाला की एवढी चांगली मजा पोटात ठेवायची म्हणजे अपचन व्हायचं. पण ठेवली.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी ती निघाली. कोणाला सांगितलं नाही. सपाटीवर हिरवी अशी पळत होती की जणू पाय सिल्वेनचे नव्हतेच. गावं मागे पडली, नासपतीच्या बागा आल्या, झाडं फुलून पांढरी झाली होती आणि उन्हात त्यांचा नुसता धूर दिसत होता. चढ लागताच तिनं लहान चक्र घातलं. कुणी बघत नव्हतं, आणि बघत असतं तरी घातलं असतं. जंगलात ओलसर गारवा होता, चाकाखाली खडी कुरकुरत होती, आणि पुढच्या वळणावर कोणीतरी पँटला चिमटे लावलेलं वळून जातंय असं तिला दोनतीनदा वाटलं. शेवटच्या वळणाआधी दम संपला. पंधराव्या वर्षी संपला होता तिथेच, किंवा जरा अलीकडेच, खरं सांगायचं तर. ती उतरली आणि हिरवीला ढकलत माथ्यावर गेली. वर कोणी नव्हतं. निळसर झाडांखाली ती बराच वेळ बसून राहिली.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी बापाचा फोन आला. त्यानं सुपाचं विचारलं, हवेचं विचारलं, ती दिवसभर कुठे होती ते मात्र विचारलं नाही. ती ओळखून चुकली की हा आता आयुष्यभर विचारणार नाही.

“पपा,” ती म्हणाली, “आज मी वेर्नेला गेले होते.”

“चढून?”

“थोडी चढून, थोडी चालत.”

आता पार्सलचा टोमणा येणार, असं तिला वाटलं.

“वर वारा होता का?” इरेनेनं विचारलं. “तिथे या दिवसांत नदीपलीकडचा सगळा मुलूख दिसतो. दिसला का तुला? नीट सांग.”

मग ती खिडकीत बसली आणि सांगू लागली.