फिल्टरवरची तारीख

बॉनेटच्या कडेवर हात टेकून तिने मिस्त्रीच्या खांद्यावरून आत पाहिलं. उजेड पडावा म्हणून मिस्त्रीने मान बाजूला केली, तशी तीही तेवढीच सरकली.

"सिस्टर," तो न वळता म्हणाला, "डोळ्यांत तेल घालून बघताय ते ठीक आहे. पण थोडं इंजिनासाठी राहू द्या."

ती हसली नाही. निघताना वडिलांनी तीन गोष्टी बोटं मोजून बजावल्या होत्या. तेलाचा डबा सीलबंद हवा आणि तो डोळ्यांसमोर फोडायला लावायचा. तेल जाडच घ्यायचं. आणि जुना फिल्टर परत घरी आणायचा, कारण गॅरेजवाले नवा फिल्टर बसवला म्हणतात आणि जुनाच पुसून परत लावतात. वडील शाळेत कार्यशाळेचे मास्तर होते. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना कानस कशी धरायची, नट कुठल्या बाजूला फिरतो, हे शिकवलं. गाडीचं तेल आणि फिल्टर ते अंगणात स्वतः बदलत. पण आठवड्यापूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर वाकायला मनाई होती आणि गाडी तर थांबणार नव्हती.

गाडी थांबली तर तिचं काम थांबत होतं. ती घरोघर जाऊन रुग्णांच्या जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची. रोज नऊ-दहा घरं, त्यातली चार टेकडीपलीकडची. तिकडे बस जात नव्हती. गेले काही दिवस सकाळी गाडी सुरू केली की तेलाचा लाल दिवा चटकन विझत नव्हता. चार आकडे मोजून होईपर्यंत तो तसाच राही आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं कुरकुरे. टेकडीपलीकडची एक आजी तर म्हणाली होती, "तुझी गाडी माझ्यासारखीच खोकते गं. तिलाही एक सुई टोच." वडिलांचं निदान असं की इंजिन जुनं झालं, त्याला आणखी जाड तेल हवं.

मिस्त्रीचं म्हणणं वेगळं पडलं. त्याने कप्प्यातून गाडीचं माहितीपुस्तक काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पान शोधून तिच्यापुढे धरलं. पुस्तकात पातळ तेलाचा आकडा होता. सकाळी गार इंजिनात पातळ तेल भराभर वर चढतं, त्याने सांगितलं, जाड तेल रेंगाळतं, म्हणजे दिवा उलट जास्तच वेळ पेटेल.

फळीवर त्याच पातळ तेलाचे डबे एकावर एक रचलेले होते. तिने ते पाहिले आणि मग मिस्त्रीकडे पाहिलं.

"तुमच्याकडे दुसरं तेल नाही म्हणून सांगताय का?"

"आहे की." त्याने बाकड्याखालून जाड तेलाचा डबा काढून शेजारी ठेवला. "दोन्ही विकतो. पण तुम्ही विचारलंत तर पुस्तकातलं सांगणार."

दाराशी जाऊन, पाठ वळवून तिने वडिलांना फोन लावला. जाड म्हणजे जाडच, वडील म्हणाले, आणि पाणी व तेल यांत काय फरक असतो तेही त्या मिस्त्रीला विचार. आवाज इतका मोठा होता की मिस्त्रीलाही ऐकू गेलं असावं. ती परत वळली तेव्हा तो फिल्टरवर मूठ आवळून जोर लावत होता.

फिल्टर हलेना. हाताला चिंधी गुंडाळून त्याने पुन्हा जोर लावून पाहिला, मग भिंतीवरचा पट्ट्याचा पाना काढला.

"आमचे बाबा पट्टा लावत नाहीत," ती म्हणाली. "फिल्टर हातानेच लावायचा आणि हातानेच काढायचा. पट्टा लावतो तो अडाणी, असं ते मुलांना सांगायचे."

"बरोबरच सांगायचे. हाताने लावलेला वेळेवर काढला तर हातानेच निघतो." त्याने पट्टा फिल्टरभोवती आवळला. दांड्यावर अंगाचा भार टाकल्यावर कर्र आवाज झाला आणि फिल्टर सुटला. त्याच्या तोंडातून काळं, दाट तेल ओघळलं. मिस्त्रीने तो उलटा करून निथळू दिला, कडेच्या रबरी चकतीवर नख दाबलं. नख रुतलं नाही. आतल्या बाजूलाही एक रबरी पडदा असतो, त्याने दाखवलं, गाडी उभी असताना तेल खाली उतरू नये म्हणून. तो लाकडासारखा कडक झाला होता. "रात्रीत सगळं तेल खाली उतरतं. सकाळी पुन्हा वर चढेपर्यंत तुमचा दिवा पेटलेला. रोग इथे आहे."

"दोन महिन्यांपूर्वी बदललाय तो."

तिने फिल्टर त्याच्या हातातून घेतला आणि फिरवला. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात तारीख होती, वडील दर वेळी घालत तशी. दोन महिन्यांपूर्वीची. तिने बोट ठेवून दाखवली.

"तारीख आहे खरी," मिस्त्री म्हणाला आणि चिंधीला हात पुसत राहिला.

तिला फोनची ती दोन मिनिटं आठवली. पाठ वळली होती तेवढ्यात काहीही होऊ शकलं असतं. पण मग पांढरी तारीख कुठून आली? आणि परत आली तेव्हा फिल्टर तर गाडीतच होता, अडकलेला. तिने बाकड्याखाली पाहिलं, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपात पाहिलं. ती काय शोधतेय ते मिस्त्रीच्या लक्षात आलं.

"घरी न्या," तो म्हणाला, जरा थंडपणे. "मास्तरांना दाखवा. गळू नये म्हणून दोन पिशव्या देतो."

नवा फिल्टर त्याने तिच्यासमोर खोक्यातून काढला, रबरी चकतीला बोटाने तेल लावलं आणि हातानेच फिरवून बसवला. मग दोन्ही डबे पुढ्यात ठेवून तो थांबला. ती बराच वेळ आकडे वाचत उभी राहिली. औषधाच्या बाटलीवरचं नाव ती रोज दोनदा वाचायची, एकदा हातात घेताना आणि एकदा सुईत भरताना. पुस्तकातला आकडा तिने दोनदा वाचला आणि पातळ तेलाच्या डब्यावर बोट ठेवलं.

"घरी काय सांगाल?"

"ते माझं मी बघेन."

घरी वडील काळा चष्मा लावून खिडकीशी बसले होते. सगळ्यांत आधी त्यांनी फिल्टर मागितला. तिने वर्तमानपत्र अंथरून तो त्यांच्यापुढे ठेवला आणि मिस्त्री काय म्हणाला ते सांगितलं, तेलाचं सोडून. वडिलांनी फिल्टर हातात घेतला नाही. लांबूनच मान हलवली.

"हा आपला नव्हे. बदलला त्याने."

"अक्षर तुमचं आहे, बाबा."

"अक्षराची नक्कल होते. तू फोनवर होतीस ना?" मग ते गॅरेजवाल्यांच्या जातीविषयी बराच वेळ बोलले. संध्याकाळी शेजारचे काका डोळ्याची चौकशी करायला आले, तेव्हा त्यांनाही सगळं रंगवून सांगून झालं. त्या मिस्त्रीकडे गाडी नेऊ नका, दिवसाढवळ्या फिल्टर पळवतो. काकांनी मान डोलावली. आपण तर नेहमी त्याच्याकडेच जातो, आता दुसरा बघायला हवा, असं म्हणत ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा किल्ली फिरवताच विझला. चार दिवस तसाच विझत राहिला. पाचव्या दिवशी दुपारी, वडील झोपल्यावर, तिने मागच्या ओट्यावर फिल्टर पिशवीतून काढला. कुणाची लबाडी, ते तिला एकदा कळायला हवं होतं. मिस्त्रीची असती तर निदान सोपं झालं असतं.

उन्हात धरल्यावर दिसलं की तारखेच्या आसपासचा काळा रंग बाकीच्या पत्र्यापेक्षा जाड होता. एका कोपऱ्यात तो सुटलाही होता. तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही. तिने कामाच्या पिशवीतला चिमटा घेतला आणि खपली उचलतात तशी ती कड सावकाश उचलली. पोपडा सलग निघाला. त्याच्याखाली दुसरी तारीख होती, गेल्या वर्षातली. तिच्याखाली आणखी एक. सगळ्यांत खालची तीन वर्षांपूर्वीची होती, थेट कोऱ्या पत्र्यावर घातलेली.

तीन वर्षं. टेकडीची चढण, भर उन्हातले दिवस, मागच्या सीटवर बसवून दवाखान्यात नेलेले दोन रुग्ण. ती उठली. आत जाऊन त्यांना हलवून उठवायचं आणि हे समोर धरायचं, एवढंच डोक्यात होतं. दारापर्यंत गेल्यावर तिने हातातल्या फिल्टरकडे आणि पोपड्यांकडे पुन्हा पाहिलं.

सगळ्यांत खालचे आकडे छापल्यासारखे होते. वडील फळ्यावर काढत तसेच, पट्टीने मोजून घ्यावेत असे. त्याच्या वरच्या तारखेतला आठ एका बाजूला कलला होता. त्याच्या वरच्या तारखेत रेषा दोनदा तुटल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वीची तारीख तर पहिलीतल्या मुलाने गिरवावी तशी होती, आणि शून्य पूर्ण जुळलेलंच नव्हतं.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तेल ते बदलत होते, ते तिने स्वतः पाहिलं होतं. तेल सोडायच्या नटाला लांब दांड्याचा पाना चालतो, दोन्ही हातांनी ओढला की झालं. फिल्टर गोल आणि गुळगुळीत. त्याला मूठच लागते, नाहीतर पट्टा. आणि पट्टा लावतो तो अडाणी.

रोज नऊ-दहा घरांत ती पहिलं काम एकच करायची. दोन बोटं पुढे करून म्हणायची, दाबा बघू, जोरात. कुणाच्या हातात किती बळ उरलंय ते तिला एका दाबात कळे. घरी यायची तेव्हा बोटं थकलेली असायची, आणि समोर बसलेल्या माणसाचा हात तिने कधी धरला नव्हता. ताट वाढून घेताना वडील डबा तिच्याकडे सरकवतात आणि म्हणतात, हल्ली झाकणं काय बनवतात कोण जाणे.

चहाच्या वेळी वडील उठले, तेव्हा फिल्टर पिशवीत परत बांधलेला होता आणि पोपडे केराच्या टोपलीत गेले होते. डोळ्यात थेंब घालताना तिने एका हाताने त्यांचा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली होती. त्यांनी हात काढून घेतला.

"त्या मिस्त्रीला नावं ठेवू नका, बाबा," ती म्हणाली.

"का? तुझा कोण लागतो तो?"

"दिवा लगेच विझतो," एवढंच ती म्हणाली.

"जाड तेल," वडील म्हणाले. तिने थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं.

महिना संपला, डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली. त्याच दिवशी वडिलांनी बॉनेट उघडायला लावलं. तेल मोजायची डिपस्टिक ओढून काढली, टोकाचा थेंब अंगठ्यावर घेतला आणि बोटाने चोळला. ती शेजारी उभी होती. त्यांनी पुन्हा एक थेंब घेतला, पुन्हा चोळला.

"पातळ आहे."

"हो."

"माहीत असून टाकलंस?"

"हो, बाबा."

आता ओरडतील, असं तिला वाटलं. त्यांनी डिपस्टिक चिंधीने पुसली, परत खोवली. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "आणि फिल्टर? त्या जुन्याचं काय केलंस?"

"आहे मागे, पिशवीत."

"उघडला होतास?"

तिने चिंधी उचलून तिची घडी घातली. वडिलांनी मान हलवली, वर्गात मुलाचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी, हळू. ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ काहीतरी सरकवल्याचा. बाहेर आले तेव्हा दोन्ही हात आणि छाती यांच्यामध्ये धरून त्यांनी तीन खोकी आणली होती. नव्या फिल्टरची, सीलबंद. ती त्यांनी गाडीच्या टपावर एकेक करून मांडली.

"हे त्या मिस्त्रीला नेऊन दे. कुणाच्या तरी गाडीला बसतील. रबर सुकायच्या आत वापर म्हणावं."

"आणि काय सांगू त्याला?"

वडिलांनी एक खोकं उचललं, चारही बाजूंनी पाहिलं आणि बाकीच्यांच्या रांगेत सरळ लावून ठेवलं.

"त्याला कळेल," ते म्हणाले. मग चपलांकडे वळत म्हणाले, "काकांना मात्र मीच सांगतो. घरी असतील ना या वेळी?"

चपला घालून ते फाटकाकडे निघाले. कडी दोन्ही हातांनी उचलायला त्यांना जरा वेळ लागला. ती टपावरची खोकी पिशवीत भरत होती, आणि शेवटचं खोकं आत जाईपर्यंत तिने मान वर केली नाही.