दीपालीच्या गालांवरचे वांग

सुनेच्या दोन्ही गालांवर तपकिरी वांग उठले, तेव्हा चंदनबालाबाईंना कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. मुलाच्या, गोमटेशच्या वेळी त्यांच्याही तोंडावर अस्सेच डाग होते. म्हणजे दीपालीला दिवस गेले. नात सव्वा वर्षाची, पाठीवर नातू. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत बातमी शेजारच्या रंगुबाईकडे पोचलीसुद्धा.

"द्राक्षं काढायला बागेत जाती की ती. ऊन लागलं असंल," रंगुबाई म्हणाली.

"मी दुसरीतनं शाळा सोडली, पर नजर न्हाई सोडली. चुकले तर तुझ्या दारात येऊन कान धरीन!"

चंदनबालाबाईंनी उभ्या जन्मात कुणापुढे कान धरला नव्हता. तासगावातल्या त्या गल्लीला हे ठाऊक होतं.

दीपाली "आई, तसं काही नाही" म्हणत राहिली. सासूने ते लाजणं समजून तिला एस्टीने सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि दिवस गेलेले नाहीत म्हणून सांगितलं. मग दीपालीकडे वळून विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

दीपालीने मान खाली घालून पर्समधून पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट काढलं.

"यातल्या हार्मोनमुळे काही जणींना असे वांग येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उन्हाने आणखी गडद होतात. बिनहार्मोनची तांबी बसवता येईल. उन्हात तोंड झाका, मलम लावा. हळूहळू फिके पडतील."

चंदनबालाबाई तरातरा बाहेर पडल्या. एस्टी स्टँडवर फुटल्या.

"मला सांगायला काय जीभ झडली हुती?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर गल्लीभर झालं असतं, आई."

"मग आता काय ऱ्हायलंय? झालंच की गल्लीभर!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि आधी सासूलाच हसू फुटलं. "माझ्या येळंला असली गोळी मिळाली असती, तर मी मूठभर खाल्ली असती गं. पर आता त्या रंगीपुढं कान धरायचा हाय."

गल्लीत परतल्या तर रंगुबाई आपल्या दारातच उभी होती, हातात चार कैऱ्या. "डोहाळ्याला आणल्यात."

चंदनबालाबाईंनी पदर खोचला, ताठ मानेने तिच्या उंबऱ्यापाशी गेल्या आणि स्वतःचा उजवा कान धरला. "चुकले. दिवस न्हाईत."

"मग वांग कशाचे?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं. दीपालीने हसून मान डोलावली, तेव्हाच त्या बोलल्या. "गोळीचे. डॉक्टरीण बदलून देणार हाय."

आता ही खिदळणार म्हणून चंदनबालाबाई कंबर कसून उभ्या राहिल्या. पण रंगुबाई जवळ सरकली. "आमच्या सुनंलाबी, अर्जुनाच्या बायकोला, तसेच उठलेत, अक्का. म्हैनाभर जायफळ उगाळून लावतीया."

"जायफळ शिऱ्यात घाल! आन् तिला उद्या सांगलीला घिऊन जा. काय खाती, काय न्हाई, ती सांगंल डॉक्टरणीला. तू भायेर बस."

रंगुबाई कैऱ्या घेऊन वळली.

"आन् त्या कुठं चालल्या?" कान सोडून चंदनबालाबाईंनी हात पुढे केला. "दिवस न्हाईत म्हून आमी लोणचं घालत न्हाई व्हय?"