मखमली उशीतली सुई

मानवजातीचा इतिहास चाकापासून नव्हे, सुईपासून लिहायला हवा. सुई नसती तर राजा, न्यायाधीश आणि बोकड यांच्यात दाढीपुरतंही अंतर उरलं नसतं, असं शिंपीमास्तरांचं ठाम मत होतं. हे मत ते दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या अनोळखी माणसाला ऐकवत होते, कारण आत त्यांच्या बायकोच्या पोटावरचं गळू कापत होते, आणि ते गळू सुईनंच आणलं होतं.

बायकोला साखरेचा आजार. रोजचं इन्शुलिन मास्तरच टोचत. नर्स शिकवायला बसली तेव्हा "बाई, सुई कशी धरायची ते मला सांगताय?" म्हणून त्यांनी तिला अर्ध्यातच उठवलं होतं. मोडेपर्यंत सुई टाकायची नाही, हा धंद्याचा रिवाज. टोचून झालं की सिरिंज शिलाई मशीनवरच्या उशीत खोचायची, गंजक्या टाचण्यांच्या मांडीला मांडी लावून. दुसऱ्या दिवशी तीच. जागाही तीच, बेंबीच्या डावीकडे. टीप सरळ नको का यायला? ती जागा लाल झाली, सुजली, तेव्हा मास्तर म्हणाले, "डास असेल." बायकोनं ऐकून घेतलं. आता तेच त्यांना टोचत होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. "पू काढलाय. साखर चढलेली, म्हणून पसरत चाललं होतं. मावशी, सुई दर वेळी नवी घेता ना?"

"नवी कोरी!" बायको पडल्यापडल्या म्हणाली. "सुईच्या बाबतीत हे फार कडक."

"आणि जागा बदलता?"

"म्हणजे काय! पोटाचा नकाशाच केलाय यांनी."

मास्तरांनी छताकडे पाहिलं. छत स्वच्छ होतं. नजर अडकवायला एका जळमटाचाही आधार नव्हता.

"मग इन्शुलिनच मानवत नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बदलून बघू. तोवर मावशींना इथेच ठेवते. तपासण्या कराव्या लागतील."

म्हणजे आपल्या पापापायी हिला आणखी टोचणार. मास्तर एक पाऊल पुढे आले.

"इन्शुलिनला बोल लावू नका," ते म्हणाले. "सगळं माझं आहे." आणि त्यांनी उशीपासून डासापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"टाचण्यांच्या उशीत?"

"मखमलीची आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

मग त्यांनी राहिलेला अर्धा धडा मान खाली घालून ऐकला: हात धुवायचे, सुई दर वेळी नवी, जागा बदलती, वापरलेली सुई झाकणाच्या जाड डब्यात. लाल दिसलं की दवाखाना, डास नाही.

बाई गेल्यावर मास्तर कसेबसे म्हणाले, "खोटं का बोललीस गं?"

"चारचौघांत तुमचा हात चुकला म्हणून सांगू?"

"तुला ठाऊक होतं?"

"उशी मीच शिवलीय हो. रोज त्यात सुई खोचलेली दिसायची."

"मग आधीच बोलायचंस!"

"तुम्ही रुसून टोचायचंच सोडलं असतं. आणि स्वतः टोचून घ्यायची मला भीती वाटते."

मास्तरांचे डोळे भरून आले. "उद्यापासून नर्सला बोलाव. माझा हात नको. आणि काय हवी ती शिक्षा दे."

बायकोनं त्यांना खुणेनं जवळ बोलावलं.

"टोचायचं तुम्हीच. नव्या सुईनं," ती म्हणाली. "आणि कापडाच्या सुईनं तेवढं माझ्या गाऊनचं बटण लावून द्या. गेल्या उन्हाळ्यापासून सांगतेय."